हिरवा दिवा लागला, पण फोन कुणाला जाणार?

शुक्रवारी संध्याकाळी सिंहगड रोडवरच्या आमच्या दुकानात हर्णैच्या समुद्रात बोटीने निघालेल्या चौघांची लाइफ जॅकेटांची पिशवी तपासायला आली. खडकवासला-पानशेतसाठी येतात ती बहुतेक फोमची जॅकेटं. पट्टे, बकल, शिट्टी पाहिली की काम संपतं. ही गॅसवर फुगणारी होती. सोबत ईपर्ब, म्हणजे संकटात उपग्रहाला हाक देणारा बीकन.

चारही जॅकेटांवर हिरवी खूण, त्यामुळे मंडळी खूश. पण या बनावटीत ती खूण फक्त ट्रिगरची, म्हणजे जॅकेट फुगवणाऱ्या खटक्याची असते, गॅसच्या बाटलीची नाही. एक बाटली पाऊण आटा सैल निघाली. घडी घालता-उलगडताना ती फिरत जाते. दुसरी सोनारकाट्यावर ठेवली, तर अंगावर कोरलेल्या वजनापेक्षा चार ग्रॅम हलकी. एकूण गॅसच ३३ ग्रॅम! ती सरळ मोडीत. रेनकोट किती पाणी अडवतो ते पुणेकर तोंडपाठ सांगेल, बाटलीचं वजन कधी करणार नाही.

बीकनची सेल्फ-टेस्ट पास झाली. मग लेबल पाहिलं. १५ अक्षरी हेक्स आयडी, म्हणजे बीकनचा ओळख-क्रमांक, '१डी०'ने सुरू होत होता. भारतीय बीकनचा ३४६, ३४७, बी४६ किंवा बी४७ने होतो. १डी० म्हणजे देश-क्रमांक २३२, ब्रिटन. मेव्हण्याने तिकडून जुना, स्वस्तात घेऊन पाठवलेला. सेल्फ-टेस्टला त्याचं काय? ती सर्किट आणि बॅटरी बघते. ४०६ मेगाहर्ट्झवर हाक जाईल, जागाही कळेल. पण बोट कुणाची हे ब्रिटनच्या नोंदवहीत शोधलं जाणार आणि फोन वाजणार जुन्या मालकाकडे. तो म्हणेल, बीकन केव्हाच विकला. भारतीय कोड अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून घालून घ्यायचा, मग बंगळुरूच्या इस्रो केंद्रात नोंद करायची. हे एका रात्रीत होत नाही, आणि त्यांना पहाटे निघायचं होतं.

शेवटी कागदावर हेक्स आयडी, बोटीचा रंग, माणसं किती, परतायची वेळ आणि तटरक्षक दलाचा मदतीचा नंबर १५५४ लिहून दिला; घरी ठेवा म्हटलं. बीकन नांगराच्या दोराखाली कोंबायचा नाही, सुकाणूजवळ हाताशी हवा. त्याची दोरी माणसाला किंवा तराफ्याला बांधायची, बोटीला कधीच नाही. बोट बुडाली तर बीकनही ओढला जातो.

तो बीकन ठेवूनच घ्यायला हवा होता का? पण मग त्यांच्याकडे तेवढंही नसतं.

शनिवारी दुपारी फोटो आला. बीकन सुकाणूजवळ, अगदी हाताशी. दोरी बोटीच्या कडीला, दोन गाठी मारून.