पाहा म्हणजे काचेतून पाहा

क्रूझचं जहाज भर समुद्रात आहे, आज कुठेच उतरायचं नाही, अशा एखाद्या आळसावलेल्या दुपारी केबिनमधल्या पलंगावर, जहाजवाले विकतात त्या उद्याच्या सहलींची यादी पसरलेली असते. बंदर एक, सहली चाळीस. भोवती तीन पिढ्या. आणि फिरून फिरून सगळ्यांची बोटं एकाच शब्दावर येऊन टेकतात: ‘पॅनोरॅमिक’. केवढा ऐसपैस शब्द! डोंगर, समुद्र, तटबंदी, घुमट, सगळं त्याच्या पोटात मावतं. अर्थ मात्र एवढाच, की बसमधून उतरायचं नाही.

या याद्या नामांनी भुलवतात, खरं काय ते क्रियापदं सांगतात. ‘भेट द्या’ असेल तर आत जायचंय आणि तिकीट बहुधा धरलेलं आहे. ‘पाहा’ म्हणजे काचेतून पाहा, तेही तुमच्या बाजूच्या काचेत आलं तर. ‘फोटो स्टॉप’ दहा-पंधरा मिनिटांचा. त्यातली पाच मिनिटं चाळीस माणसं उतरण्यात जातात आणि सात चढण्यात, कारण चढताना मोजणीत एक माणूस कमी भरतोच. ‘स्थानिक हस्तकलेची ओळख’ म्हणजे दुकान. ‘मोकळा वेळ’ म्हणजे जेवणाचं तुमचं तुम्ही बघा. राहता राहिलं ‘मध्यम श्रम’. हे ज्याने लिहिलं त्याचे गुडघे शाबूत होते, एवढंच त्यातून कळतं.

बंदरांच्या नावांचीही तीच गत. वेळापत्रकात ‘रोम’ असतं, पण रोमला समुद्र नाही. जहाज लागतं चिविताव्हेक्कियाला, तिथून रोम सुमारे ८० किलोमीटर. ‘फ्लोरेन्स’ म्हणजे लिव्होर्नो, पुढे ९० किलोमीटर. ‘पॅरिस’ म्हणजे ल आव्र, तिथून जवळपास २०० किलोमीटर. ‘बर्लिन’ची तर कमाल आहे. वार्नेम्युंडेच्या धक्क्यावरून बर्लिनला जायला तीन तास आणि यायला तीन. दिवसभरात सहा तास खुर्चीत काढून संध्याकाळी ‘बर्लिन पाहिलं’ म्हणायला वेगळाच धीर लागतो. सात वर्षांच्या मुलाकडे तो नसतो आणि सत्तर वर्षांच्या माणसाकडे असला तरी त्याच्या कंबरेकडे नसतो.

म्हणून यादी हातात घेण्याआधी वजाबाकी मांडावी. समजा, रोमचा दिवस आहे, जहाज सकाळी ७ ते संध्याकाळी ७. सातला जहाज लागतं, माणसं उतरत नाहीत. बंदराच्या अधिकाऱ्यांची परवानगी, गँगवेवरची, म्हणजे उतरायच्या शिडीवरची रांग, बसची जुळवाजुळव यात आठ वाजतात. बसला दीड तास, साडेनऊ. आता उलट बाजूने या. सातला जहाज सुटणार म्हणजे साडेसहाला सगळे आत हवेत. रस्त्यात अडकलो तर, म्हणून दीड तास राखीव ठेवायचा, म्हणजे पाचला धक्क्यावर, म्हणजे साडेतीनला रोम सोडायचं. उरले सहा तास. जेवण आणि स्वच्छतागृहं यांचे दीड तास काढले की साडेचार. या साडेचार तासांत कोलोसियम, व्हॅटिकन आणि त्रेव्ही कारंजं ‘करणारी’ सहल यादीत सगळ्यात वर, जाड टायपात असते. सोबत मुलं असतील तर साडेचार तासांत एक गोष्ट होते. एक आणि एक आइस्क्रीम.

वार तपासायचा राहतो तो राहतोच. व्हॅटिकनची संग्रहालयं महिन्याचा शेवटचा रविवार सोडला तर रविवारी बंद. फ्लोरेन्सचं उफीझी संग्रहालय सोमवारी बंद, पॅरिसचं लूव्र मंगळवारी. जहाज आपला वार बघून बंदरात येत नाही. सहल विकणारा खोटं बोलत नाही, तो फक्त त्या दिवशी ‘भेट द्या’च्या जागी ‘पाहा’ छापतो.

मग वादाचा दुसरा अंक: जहाजाची सहल घ्यायची की आपली आपण गाडी करायची. जहाजाची सहल डोईगणिक पैसे घेते, गाडी गाडीगणिक. दोघांना जहाजाची बस बरी पडते, सहा जणांना मात्र एक व्हॅन बहुधा स्वस्त पडते. शिवाय व्हॅन मूल रडलं की थांबते, बस थांबत नाही. बसच्या बाजूनेही एक वजनदार मुद्दा आहे. जहाजाच्या स्वतःच्या सहलीला उशीर झाला तर जहाज वाट बघतं, नाहीच थांबता आलं तर पुढच्या बंदरापर्यंत तुम्हाला पोचवायची जबाबदारी त्यांची. व्हॅनला उशीर झाला तर जबाबदारी तुमची. माझा कौल अंतरावर असतो. तासाभराहून लांब जायचं आणि एकच हमरस्ता असेल तर जहाजाची बस. शहर धक्क्यालाच लागून असेल तर सहल घेणं म्हणजे आपल्याच अंगणात वाटाड्या लावणं. मॉन्टेनेग्रोतल्या कोतोरला धक्का ओलांडला की जुन्या गावाची वेस येते. माल्टाच्या व्हॅलेटात जहाज तटाच्या पायथ्याशी उभं राहतं आणि ५८ मीटर उंचीची लिफ्ट तुम्हाला थेट वरच्या बाराक्का बागेत नेऊन सोडते. तिथे यादी उघडूही नये.

बसने जायचं ठरलं तर सकाळी जहाजावरच्या नाट्यगृहात जमायचं असतं. तिथे प्रत्येकाच्या छातीवर बसच्या क्रमांकाचा गोल स्टिकर चिकटवतात. हे स्टिकर आलेल्या क्रमाने वाटले जातात, हे फार कमी जणांच्या लक्षात येतं. आजी-आजोबा आधी जाऊन बसले आणि बाकीचे नाश्ता उरकून आले, की आजी-आजोबा १४ नंबरच्या बसमध्ये आणि नातवंडं १७ मध्ये. सगळ्यांनी दारातून एकदम आत शिरायचं, बस्स. आणि मागचं स्वच्छतागृह आहे म्हणून निर्धास्त राहू नये, बऱ्याच बसमध्ये त्याला कुलूप असतं. जहाजावरून उतरण्याआधी प्रत्येकाने, गरज असो वा नसो, जाऊन यायचं. सहलीच्या यशात याचा वाटा वाटाड्याच्या विद्वत्तेपेक्षा मोठा आहे.

बसच्या सहलीत एक शहाणपण कधीकधी लपलेलं असतं, जे छापील मजकुरात येत नाही. तुर्कस्तानातल्या एफेसस या प्राचीन शहराचं उदाहरण घ्या. कुशादासीच्या धक्क्यापासून ते साधारण २० किलोमीटर. अवशेष उतारावर पसरलेत, वरचं दार आणि खालचं दार वेगळं. सहलीची बस वरच्या दाराशी सोडते आणि खालच्या दाराशी उभी राहते, म्हणजे सगळी चाल उताराची. आपली गाडी करणारे कधीकधी ड्रायव्हरशी हे बोलायचं विसरतात आणि भर उन्हात तेवढंच अंतर परत चढून वर येतात. सावली जवळजवळ नाही. पायांखालचा संगमरवर दोन हजार वर्षांच्या वर्दळीने गुळगुळीत झालाय, गुळगुळीत तळव्याची सँडल त्यावर घसरते. बाबागाडी इथे उचलूनच न्यावी लागते. ज्वालामुखीने गाडलेल्या, इटलीतल्या पाँपेईलाही तेच. रस्ता ओलांडायला रोमन लोकांनी मध्ये मोठमोठे दगड रोवलेत, त्यांची गाडी त्या दगडांच्या फटींतून जायची, आपली बाबागाडी जात नाही. चाकांच्या खुर्चीसाठी एक वेगळा सपाट मार्ग आखलेला आहे, पण तो प्रवेशद्वारापाशीच विचारून घ्यावा लागतो. नाहीतर बाळ झोपलंय, गाडी हातात आहे आणि ज्वालामुखी समोर आहे, असं दृश्य होतं.

‘पॅनोरॅमिक’वर इतका राग काढला, तर एक कबुलीही द्यायला हवी. अलास्कातल्या स्कॅगवेला धक्क्याजवळूनच एक अरुंद रुळांची आगगाडी सुटते, व्हाइट पास अँड युकॉन. सोन्याच्या शोधात निघालेल्यांसाठी १८९८ ते १९०० या काळात घातलेले ते रूळ. गाडी खिंडीच्या माथ्यापर्यंत जाते आणि परत येते, पावणेतीन तास. माथ्यावर कुणी उतरत नाही. म्हणजे शंभर टक्के काचेतून पाहा! आणि तरी आजीपासून तान्ह्यापर्यंत सगळ्यांना एकत्र नेण्याजोगी इतकी सोयीची सहल शोधून सापडायची नाही. चढताना दरी डाव्या हाताला असते. उजवीकडचे हळहळत बसतात, पण माथ्यावर बाकांच्या पाठी उलट्या फिरवतात, दोन्ही बाजूंची माणसं जागा बदलतात आणि उतरताना दरी पलीकडच्यांना मिळते. न्याय इतका साधा असू शकतो, हे बघायला तरी त्या गाडीत बसावं.

खरी अडचण दरीची नाहीच, ‘सगळे एकत्र’ या हट्टाची आहे. पंधरा वर्षांच्या मुलाला झिपलाइन, म्हणजे तारेला लटकून घसरत जाणं हवं, त्याला किमान वजनाची अट असते, म्हणून धाकटीला सोडता येत नाही. धाकटीला वाळू हवी. आजोबांना भग्नावशेष. मग कुणालाच नको असलेली चौथी सहल सर्वानुमते ठरते, बहुधा पॅनोरॅमिक. त्यापेक्षा तीन तुकड्या करून संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर भेटावं. तिथे निदान एकमेकांना सांगायला काहीतरी असतं. मुलांचा क्लब बंदराच्या दिवशीही बहुतेक जहाजांवर चालू असतो, मात्र साधारणपणे तीन वर्षांच्या पुढच्यांसाठी आणि लंगोट सुटलेल्यांसाठी. पालक जहाजाबाहेर असताना मूल ठेवून घेतात का, हे आदल्या दिवशी विचारून घ्यावं.

आणि एकजण नेहमी म्हणतेच, “तुम्ही या जाऊन, मी थांबते.” याकडे सगळे त्याग म्हणून बघतात. बंदराच्या दिवशी दहा वाजता जहाजाच्या वरच्या डेकवर कधी कुणी जाऊन पाहिलंय का? एरवी पहाटे टॉवेल टाकून अडवलेल्या खुर्च्या ओळीने रिकाम्या. गरम पाण्याच्या कुंडात कुणी नाही. लिफ्ट बटण दाबताक्षणी येते. ज्याला त्याग म्हणतात त्याला कधीकधी फार चांगलं गणित येत असतं.

घड्याळाचं मात्र कुणालाच येत नाही. जहाजाची वेळ आणि गावाची वेळ एकच असेल असं नाही, आणि फोन उतरल्या उतरल्या गावच्या वेळेला फितूर होतो. मेक्सिकोतलं कोझुमेल बंदर ज्या किंताना रो राज्यात आहे, त्याने २०१५ मध्ये वेळपट्टा बदलला, पण मायामीसारखं उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे करत नाही. मायामीहून आलेलं जहाज उन्हाळ्यात मायामीच्याच वेळेवर चालत राहिलं, तर फोनमध्ये साडेचार वाजलेले असताना जहाजावर साडेपाच असतात. मग धक्क्यावरून पिशव्या सांभाळत धावणारी माणसं आणि वर कठड्यावर टाळ्या पिटणारी माणसं, असा खेळ रंगतो. न आलेल्यांच्या केबिनमधली तिजोरी उघडून पासपोर्ट बाहेर काढतात आणि ते बंदरातल्या एजंटाकडे सोपवून जहाज निघतं. म्हणून जुनं, काट्यांचं, कुणाचंही न ऐकणारं मनगटी घड्याळ जहाजाच्या वेळेला लावून घालावं. आणि मुलांच्या पिशवीतलं सफरचंद काढून ठेवावं. न्यूझीलंडसारख्या ठिकाणी ते धक्क्यावर सापडलं तर जागच्या जागी दंड होतो, आणि सकाळच्या नाश्त्यातून ते हळूच उचलणारी व्यक्ती सहसा मुलांपैकी नसते.

तर दुपारचे दोन तास असे गेले आणि यादीवर तीन खुणा झाल्या. समजा, उद्याचं बंदर सांतोरिनी हे ग्रीक बेट आहे. तिथे मोठी जहाजं धक्क्याला लागत नाहीत, छोट्या टेंडर बोटींनी किनारा गाठायचा. जहाजाची सहल घेतलेल्यांना आधी सोडतात, बस उभ्या असतात त्या अथिनियोस बंदरात. बाकीचे टोकन घेऊन थांबतात आणि कड्यावरच्या फिरा गावाखालच्या जुन्या बंदरात उतरतात. तिथून वर जायला केबल कार, जवळपास ५९० पायऱ्या, नाहीतर गाढव. पायऱ्या आणि गाढवं एकाच वाटेवर असल्यामुळे चालणाऱ्याने नजर खाली ठेवायची. केबल कारमध्ये एका खेपेला सहा डबे, डब्यात सहा माणसं. ३६ माणसं वर, ३६ खाली. परतताना सगळ्यांना, सहलीवाल्यांनासुद्धा, याच वाटेने खाली यायचं असतं, त्यामुळे दुपारी दोननंतर रांग फिराच्या गल्ल्यांमधून वळणं घेत जाते. हे सगळं धरून हिशेब झाला, स्टिकरसाठी एकत्र जायचं ठरलं, घड्याळ लावून झालं.

सकाळी साडेसातला कप्तानाचा आवाज येतो. वारा वाढलाय, टेंडर उतरवणं सुरक्षित नाही, बंदर रद्द. जहाजाच्या सहलींचे पैसे आपोआप खात्यात परत. व्हॅनचे पैसे परत मिळतील की नाही ते ठरवताना वाचलेल्या, किंवा न वाचलेल्या, अटींवर. मुलं पोहायला पळतात. आजोबा डेकवर येऊन उभे राहतात. लांबून कड्यावर सांडल्यासारखं पांढरं गाव दिसतं, दहा-पंधरा मिनिटं. मग जहाज वळतं.