पोच घेतलेला अर्ज

सांगलीत आमचा छापखाना होता. लग्नपत्रिका, बिलबुके, शाळांच्या प्रश्नपत्रिका आणि गणपतीच्या वर्गणीची पावतीपुस्तके एवढ्या कामावर तो एकोणीस वर्षे चालला आणि त्या काळात बँकेचा एकही हप्ता चुकला नाही. ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णेची पातळी आयर्विन पुलापाशी 57 फुटांवर गेली तेव्हा आमच्या गाळ्यात छातीइतके पाणी होते. पाणी ओसरल्यावर शटर उघडले, तर कागदाची रिमे भिजून, फुगून, एकमेकांना चिकटून भिंतीसारखी उभी होती आणि वर्षभरापूर्वीच घेतलेल्या ऑफसेट मशीनच्या रोलरवर बोटभर गाळ बसला होता. त्या मशीनवर 18 लाखांचे कर्ज होते आणि राहते घर तारण होते. दुरुस्ती करून जेमतेम उभे राहतो तोच मार्च 2020 मध्ये टाळेबंदी आली. लग्नेच पन्नास माणसांत लागू लागली, तिथे पत्रिका कोण छापून घेणार?

रिझर्व्ह बँकेने मार्च ते ऑगस्ट 2020 या सहा महिन्यांसाठी हप्ते लांबणीवर टाकण्याची मुभा दिली होती, ती आम्ही घेतली. मात्र या काळातही व्याज चढतच राहते, हे खात्याचा उतारा हाती आला तेव्हाच नीट समजले. व्याजावर लागलेले व्याज सरकारने नंतर खात्यात जमा केले, परंतु मूळ व्याज डोक्यावर राहिले, आणि 2021 च्या दुसऱ्या लाटेत धंदा पुन्हा बसल्यावर हप्ते थकू लागले.

मी त्या वर्षी चार वेळा शाखेत गेलो. तेव्हाचे शाखाधिकारी सभ्य होते. समोर बसवून घेत, चहा मागवत आणि ‘बघू, वर कळवतो, तुम्ही काळजी करू नका’ असे म्हणत. मी विश्वासाने घरी येत असे. मग त्यांची बदली झाली. नव्या साहेबांसमोर मी सगळी हकिकत पुन्हा सांगितली तेव्हा त्यांनी फाईल चाळली, मिटली आणि म्हणाले, ‘यात तुमचा एकही अर्ज नाही. तुम्ही कधी काही मागितल्याची नोंद नाही.’ माझी चार हेलपाट्यांची विनवणी, दाखवलेले पुराचे फोटो, पंचनाम्याची प्रत, यांतले काहीही बँकेच्या लेखी घडलेलेच नव्हते. बँक निर्दय आहे असे आपण म्हणतो. माझा अनुभव असा की तिथे ऐकून घेणाऱ्या माणसाला निर्णयाचा अधिकार नसतो आणि अधिकार असलेला माणूस आपल्याला कधी भेटत नाही. त्याच्यापर्यंत फक्त कागद पोचतो. तो कागद मी दिला नव्हता, आणि तो द्या असे मला चार भेटींत कोणीही सुचवले नाही, याचा राग मला आजही आहे.

त्यानंतर मी प्रत्येक गोष्ट लेखी देऊ लागलो. पहिला अर्ज दोन प्रतींत घेऊन गेलो तेव्हा आवक विभागातील कर्मचाऱ्याने अर्ज ठेवून घेतला, पण माझ्या प्रतीवर शिक्का मारायला तो तयार होईना. शिक्का साहेबांच्या टेबलावर आहे, साहेब बैठकीत आहेत, उद्या या, असे चालले होते. मी समोरच्या बाकावर अकरापासून अडीचपर्यंत बसून राहिलो. अखेर जांभळ्या शाईचा, तारीख अर्धवट उठलेला शिक्का मिळाला. ती तारीख मी तिथेच त्यांच्याकडून पेनाने लिहून घेतली. पुढे शिक्का नाकारला की रजिस्टर पोस्टाने पाठवायचे आणि पोचपावती जपून ठेवायची, हे ठरून गेले.

हप्ता 90 दिवसांहून अधिक थकला की खाते एनपीए होते, म्हणजे अनुत्पादक ठरते. आमचे तसे झाले आणि जानेवारी 2022 मध्ये सरफेसी कायद्याच्या, म्हणजे न्यायालयात न जाता तारण मालमत्तेतून वसुली करण्याची मुभा बँकांना देणाऱ्या कायद्याच्या, कलम 13(2) खालची नोटीस आली. 60 दिवसांत संपूर्ण रक्कम भरा, अन्यथा तारण मालमत्तेचा ताबा घेऊ, असा तिचा मजकूर. घरात दोन दिवस कोणी धड जेवले नाही. परंतु त्याच कायद्यात कलम 13(3ए) आहे: कर्जदार नोटिशीवर लेखी हरकत घेऊ शकतो आणि ती मिळाल्यापासून 15 दिवसांत बँकेने ती का मान्य नाही याची कारणे कळवावी लागतात. नंतर बँकेने ताब्याची कारवाई केलीच, तर 45 दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे जाता येते. आमची हरकत बँकेने फेटाळली, तरी त्या उत्तरामुळे दंडव्याजाची आकारणी कशी केली हे प्रथमच कागदावर आले, आणि पुढच्या बोलणीत तोच आकडा आमच्या उपयोगी पडला.

वसुलीच्या फोनबद्दल लिहिताना आजही हात जड होतो. रात्री साडेनऊला फोन येत. माझ्या मुलीच्या सासरीही एकदा फोन गेला. ऑगस्ट 2022 मध्ये रिझर्व्ह बँकेने परिपत्रक काढून स्पष्ट केले की वसुलीसाठी सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर फोन करता येणार नाही, आणि कर्जदाराला चारचौघांत अपमानित करणे किंवा त्याच्या कुटुंबीयांच्या व मित्रांच्या खाजगी आयुष्यात घुसणे चालणार नाही. फोनच्या तारखा, वेळा आणि नंबर वहीत लिहून मी बँकेकडे तक्रार दिली. 30 दिवसांत उत्तर न आल्याने रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार केली. तिला शुल्क लागत नाही आणि वकीलही लागत नाही. फोन थांबले. मात्र कर्जात किती सूट द्यायची हा बँकेचा व्यावसायिक निर्णय असून लोकपाल त्यात पडत नाही, ही गोष्ट आधीच समजून घेतलेली बरी, कारण मी तीही आशा धरून बसलो होतो.

एकरकमी तडजोड, म्हणजे बँकेने काही सूट देऊन थकीत कर्ज ठरलेल्या रकमेत मिटवणे, ज्याला सगळे ओटीएस म्हणतात, तिचे तसेच आहे. ती कर्जदाराचा हक्क नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2021 मध्ये सांगितले आहे. आम्ही तीन प्रस्ताव दिले, दोन नाकारले गेले, तिसरा 2023 मध्ये मंजूर झाला. मशीन विकले, आईच्या नावावरचे दीड गुंठे विकले, आणि घर वाचले. मंजुरीचे पत्र हातात पडेपर्यंत एक रुपयाही भरला नाही, याचे समाधान आहे. कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या सिबिलच्या अहवालात ‘सेटल्ड’, म्हणजे कर्ज पूर्ण न फेडता तडजोडीने मिटवले, हा शेरा आहेच. त्यामुळे नवे कर्ज मिळणे अवघड आहे, हे मान्य करून आम्ही सौदा केला.

एक गोष्ट मात्र मनातून जात नाही. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या 25 कोटींपर्यंतच्या कर्जांसाठी 2015 च्या अधिसूचनेने पुनरुज्जीवनाची चौकट आखून दिली आहे. खाते एनपीए होण्याआधीच अडचण ओळखायची, बँकेच्या समितीपुढे प्रकरण ठेवायचे आणि कर्जाची फेररचना शक्य आहे का ते पाहायचे, असा तिचा क्रम आहे. ती बँकांवर बंधनकारक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2024 मध्ये म्हटले. त्याच निकालात उद्योजकानेही आपण या वर्गात मोडतो हे वेळेत कागदपत्रांसह सांगितले पाहिजे, असेही म्हटले. माझ्या छापखान्याची नोंदणी होती. प्रमाणपत्र काउंटरच्या मागे फ्रेममध्ये लावलेले होते. समिती हा शब्द मात्र त्या दोन वर्षांत मी शाखेत एकदाही ऐकला नाही.

गेल्या महिन्यात आमच्याच पेठेतील एक बेकरीवाले रात्री घरी आले. खिशातून त्यांनी बँकेचे पाकीट काढले; ते फोडलेलेच नव्हते. ‘तुम्हीच वाचा, भाऊ, माझे धाडस होत नाही,’ म्हणाले. कलम 13(2) चीच नोटीस होती, मिळून एकोणीस दिवस झालेले होते. भिंतीवरच्या कालनिर्णयवर आम्ही साठावा दिवस मोजला आणि त्यावर पेनाने गोल केला. मग मी कोरे कागद काढले, मध्ये कार्बन घातला आणि त्यांना विचारले की बेकरीची भट्टी नेमकी कोणत्या तारखेपासून बंद आहे.