भावाच्या आजारात आम्ही घरचेच शिकलो (माझा अनुभव)

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, कोरडवाहू वावर, कापूस-तूर. लहान भाऊ २१ वर्षांचा, बीएला होता. मागच्या वर्षी वेचणीच्या दिवसांत त्याचं बिघडायला लागलं. आधी झोप गेली, मग मोबाईलवर कापड टाकून ठेवायचा, म्हणे यातून लोकं माझं ऐकून राहिले. नंतर वावरात एकटाच बोलत फिरायचा. लोक म्हणाले बाहेरचं आहे, मग भगत, लिंबू, अमावस्या सगळं केलं आणि त्यात चार महिने गेले. ते चार महिने मला अजून टोचतात, कारण सायकोसिसमध्ये (खरं काय अन् भास काय हे कळेनासं होतं तो आजार) उपचार जितक्या लवकर सुरू होतील तितकं पोरगं चांगलं सावरतं हे आम्हाला फार उशिरा कळलं.

शेवटी आशाताईंनी मागं लागून जिल्ह्याच्या दवाखान्यात पाठवलं. गोळ्यांनी महिनाभरात त्याला कानात येणारे आवाज कमी झाले. मला वाटलं सुटलो. पण आता तो दिवसभर खाटेवर, आंघोळ नाही, बोलणं नाही. बाबा येता-जाता म्हणायचे, "खायले पाहिजे, कामाले नको." मीपण कमी बोललो नाही. आणि माय उलटी, ती त्याला हातानं भरवायची, एकटं अंगणातही जाऊ द्यायची नाही.

दवाखान्यातल्या समाजसेविका ताईंनी सांगितलं, दर पंधरा दिवसांनी पाच घरांचा गट बसतो, पेशंट आणि घरचे सोबतच. बाबा तयार नव्हते, एसटीचं भाडं जाते, रोज बुडतो. मी म्हटलं एक वेळ चला, नाही पटलं तर परत नका येऊ.

पहिली पंधरा मिनिटं आजाराचं नावच नाही, सोयाबीनचा भाव, कोणाकडे पाणी किती पडलं, असंच. मग एक एक घर बोलायला लागलं. एका मावशीची पोरगी म्हणाली, मलेही आवाज येत होते, मले वाटे टीव्हीवाले माझंच बोलून राहिले. माझ्या भावानं मान वर करून तिच्याकडे पाहिलं. एवढ्या महिन्यांत त्यानं कोणाकडे असं पाहिलेलं मला आठवत नाही.

ताईंनी समजावलं की मेंदूतलं डोपामिन नावाचं रसायन गडबडते, त्यानं आवाज आणि संशय येतात, ही करणी नाही आणि मायबापाची चूकही नाही. आणि पडून राहणं, मन न लागणं हापण आजाराचाच भाग, त्यात थोडी सुस्ती गोळीची. हे ऐकून मी गप्प झालो, कारण आम्ही त्यालाच आळशी म्हणत होतो.

मग त्यांनी लंडनच्या जॉर्ज ब्राऊन या संशोधकाचं सांगितलं. त्यांनी १९५० च्या दशकात पाहिलं की दवाखान्यातून सुटून आईबापाकडे किंवा बायकोकडे गेलेले पेशंट, भाड्याच्या खोलीत राहायला गेलेल्यांपेक्षा जास्त वेळा परत आजारी पडले. बाबा उठूनच उभे राहिले, "म्हणजे आमच्यानंच झालं का?" ताई म्हणाल्या, "नाही काकाजी, आजार तुमच्यानं नाही झाला. पण रोजची टोचणी आणि अति काळजी, दोन्हीचा ताण त्याच्या मेंदूला आता झेपत नाही." बाबा बसले. येताना गाडीत कोणी कोणाशी बोललं नाही.

नंतरच्या बैठकीत एका घरचा एकच प्रश्न घेत, सगळे मिळून उपाय सांगत, कोणताही उपाय हसण्यावारी न्यायचा नाही, मग फायदे-तोटे पाहून एक निवडायचा आणि कोण काय करणार ते तिथंच ठरवायचं. आमचा प्रश्न जागलीचा निघाला. रानडुकरं तूर खातात म्हणून आम्ही त्याला परत रात्री वावरात पाठवायला लागलो होतो, त्यानं झोपही जायची आणि गोळीही चुकायची. दुसऱ्या घरचे एक काकाजी म्हणाले, शेजारच्या वावरवाल्यासोबत पाळी लावा, पोराले सकाळचं काम द्या. तसंच केलं. आता तो सकाळी ढोरांना पाणी दाखवतो, सुरुवातीला तेवढंच, आणि बाबा काम झालं की "झालं का रे" एवढंच विचारतात. मायनं भरवणं सोडायला मात्र दोन महिने घेतले.

चुलीजवळच्या भिंतीवर आम्ही आजार परत येण्याच्या खुणांचा कागद लावलाय: झोप कमी, मोबाईल झाकणं, जेवण टाळणं. पोळ्याच्या आसपास दोन रात्री तो झोपला नाही, तिसऱ्या दिवशी आम्ही दवाखान्यात होतो, डोस बदलला, भरती करावं लागलं नाही. गोळी मनानं बंद करायची नाही, बरं वाटलं तरी डॉक्टर म्हणतील तोवर, हे आता मायच सगळ्यांना सांगते.

ज्यांच्याकडून दवाखान्यापर्यंत जाणं होत नाही त्यांनी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन लावा, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलतात, पण भगताकडे महिने घालवू नका.

येत्या गुरुवारी परत गट आहे. या वेळी प्रश्न त्यानं स्वतः लिहून ठेवलाय, राहिलेले दोन पेपर द्यायचे की पुढच्या वर्षी.