'मेमरीज ऑफ मर्डर' पहिल्यांदा बघणार असाल तर

कोरियन गुन्हेगारीपट कुठून सुरू करावेत असं कोणी विचारलं, तर बेधडक दिग्दर्शक बोंग जून-होचा २००३ सालचा 'मेमरीज ऑफ मर्डर' सांगावा. बोंगचं नाव आपल्याकडे घरोघरी पोचलं ते 'पॅरासाइट'मुळे, पण हा त्याच्या १६ वर्षं आधीचा आणि काळजात जास्त खोल रुतणारा सिनेमा आहे. फक्त बघण्याआधी नेटवर शोधाशोध करू नका. सिनेमा खऱ्या खुनांवर बेतलेला आहे, त्या मूळ प्रकरणाचा उलगडा पहिल्या दोन ओळींतच वाचायला मिळतो आणि मग सव्वादोन तासांचा ताण फुकट जातो. या लेखाचाही शेवटचा भाग त्यासाठीच वेगळा ठेवला आहे.

पार्श्वभूमी मात्र थोडी माहीत असलेली बरी. दक्षिण कोरियाची राजधानी सोलच्या दक्षिणेला ह्वासंग नावाचा भातशेतीचा भाग आहे. १९८६ ते १९९१ या काळात तिथे १० स्त्रियांचे खून झाले. सुरुवातीच्या काळात देशात चुन दू-ह्वानची लष्करी राजवट होती, रस्त्यांवर आंदोलनं पेटली होती. म्हणून सिनेमात पोलीस जेव्हा जास्तीची कुमक मागतात, तेव्हा ती मिळत नाही. सगळी माणसं मोर्चे मोडायला गेलेली असतात. मधेच भोंगा वाजतो आणि गावातले दिवे विझतात, दुकानांची शटर्स खाली येतात. तो हवाई हल्ल्याचा सराव आहे. हे ठाऊक नसेल तर तो प्रसंग नुसताच वातावरणनिर्मितीचा वाटतो. प्रत्यक्षात सरकारच खुन्याला अंधार करून देत असतं. तिसरी गोष्ट म्हणजे डीएनए चाचणीची सोय तेव्हा कोरियात नाही, सिनेमात नमुना अमेरिकेला पाठवावा लागतो.

आता टीव्हीचं. सिनेमा सोनेरी भातखाचरांत सुरू होतो आणि हळूहळू करडा, ओला होत जातो. छायाचित्रकार किम ह्युंग-गूने रंग मुद्दाम उतरवत नेलेत. टीव्ही 'व्हिविड' मोडवर असेल तर हा उतारच दिसत नाही. मोड 'सिनेमा' किंवा 'फिल्ममेकर' करा, हालचाल गुळगुळीत करणारी मोशन स्मूदिंगची सोय बंद करा, खोलीतला दिवा घालवा. पावसातले आणि बोगद्याजवळचे प्रसंग उजेडात बघितले तर नुसतं काळं दिसतं. ब्राइटनेस वाढवून उपयोग नाही, काळा रंग राखाडी होतो इतकंच. डब केलेली आवृत्ती टाळा, आवाज कोरियनच ठेवा. प्रेतं, कोठडीतली मारहाण सगळं दाखवलं आहे, तेव्हा मुलांसोबत बघण्याचा हा सिनेमा नाही.

सुरुवातीचा शेतातला प्रसंग दोनदा बघण्याजोगा आहे. सुमारे दोन मिनिटांचा एकच अखंड शॉट. अभिनेता सोंग कांग-होने रंगवलेला पार्क दू-मान हा गावाकडचा हवालदारी वळणाचा डिटेक्टिव्ह पायवाटेवर बुटाचा ठसा शोधतो, त्याभोवती गोल आखतो, ओरडतो. पण पोरं धावतायत, बघे जमलेत, तज्ज्ञांचा पत्ता नाही, येणारी माणसं बांधावरून घसरून पडतायत. आणि एक ट्रॅक्टर येतो, पार्कने हात हलवले तरी थांबत नाही, ठशावरून जातो. कॅमेरा एकदाही कट न करता हे दाखवतो म्हणून आपणही पार्कइतकेच हतबल होतो. इथे कट असता तर दोष ट्रॅक्टरवाल्यावर गेला असता. अखंड शॉटमध्ये तो सगळ्यांवर वाटला जातो, आणि पुढचा सगळा सिनेमा याच पद्धतीने पुरावा हातातून निसटू देतो.

तेव्हा खुनी कोण याच्या मागे न लागता वस्तूंवर नजर ठेवा. चो नावाचा पोलीस संशयिताला लाथा घालण्याआधी बुटावर कापडी खोळ चढवतो, वळ उठू नयेत म्हणून. त्या पायाचा हिशेब सिनेमा पुढे पुरा करतो. एका मतिमंद मुलाला बूट भेट मिळतात. नायकेची नक्कल, त्यावर लिहिलंय 'नाइस'. सोलहून आलेला डिटेक्टिव्ह सो तए-यून म्हणतो की कागदपत्रं खोटं बोलत नाहीत. हे वाक्य शेवटच्या अर्ध्या तासासाठी लक्षात ठेवा. आणि चौकीतल्या महिला पोलिसाकडे दुर्लक्ष करू नका. रेडिओवरच्या गाण्याचा धागा तिच्याच हाती लागतो.

सबटायटल्स एका जागी हमखास कमी पडतात. बोगद्याच्या तोंडाशी पार्क समोरच्याला जे विचारतो, त्याचा शब्दशः अर्थ 'जेवतोस ना वेळेवर?' असा आहे. इंग्रजीत ते विचित्र वाटतं, म्हणून वाक्य बदललेलंही सापडतं. मराठी माणसाला मात्र ते थेट कळतं. 'जेवलास का' हे आपल्याकडेही विचारपूस म्हणूनच येतं. संताप, थकवा आणि माणुसकी एकाच वाक्यात आल्यावर काय होतं ते तिथे सोंगच्या चेहऱ्यावर बघा.

इथून पुढचं सिनेमा पाहिल्यावरच वाचा.

सिनेमा आला तेव्हा खुनी सापडलेला नव्हता. २००६ मध्ये शेवटच्या खुनाचा खटला भरण्याची १५ वर्षांची कायदेशीर मुदतही संपली. २०१९ मध्ये जपून ठेवलेल्या पुराव्यांची नव्याने डीएनए तपासणी झाली आणि नमुना जुळला तो एका कैद्याशी. १९९४ मध्ये केलेल्या मेहुणीच्या खुनासाठी तो जन्मठेप भोगत होता. त्याने कबुली दिली, पण मुदत संपल्यामुळे या खुनांसाठी त्याच्यावर खटला चालू शकला नाही. १९८८ च्या आठव्या खुनासाठी तर भलत्याच तरुणाने सुमारे २० वर्षं तुरुंगात काढली होती. डिसेंबर २०२० मध्ये न्यायालयाने त्याला निर्दोष ठरवलं. सिनेमातली मारून मुटकून घेतलेली कबुली अतिशयोक्त वाटली असेल, तर हे प्रकरण आठवा.

शेवटच्या शॉटमध्ये पार्क थेट कॅमेऱ्यात बघतो. खुनी कधीतरी हा सिनेमा बघायला येईल आणि तेव्हा या डोळ्यांना त्याची नजर भिडावी, या हिशेबाने बोंगने तो शॉट घेतला होता. त्या निर्दोष माणसाच्या फेरसुनावणीत खुन्याची साक्ष झाली. सिनेमा तुरुंगात बघितल्याचं त्याने सांगितलं. एक सिनेमा म्हणून बघितला, विशेष काही वाटलं नाही, म्हणाला.