दहावीची संध्याकाळ

आमच्या कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत पोरांची संध्याकाळ कुठं जाते हे कुणाला विचारायला लागत नाही. पावसाळा सरला की गांधी मैदान भरतं. आठवी-नववीची पोरं दप्तरं कडेला टाकतात, विटांचे गोल मांडतात आणि वर्गणीतून आणलेल्या फुटबॉलवर तुटून पडतात. २०१७ च्या १७ वर्षांखालच्या वर्ल्ड कपात कोल्हापूरचा अनिकेत जाधव भारताकडून खेळला, त्याचं कौतुक ही पोरं अजून करतात.

पण मला लिहायचंय मुलींबद्दल. नववी-दहावीतल्या मुलीचा मोकळा वेळ म्हणजे बऱ्याच घरांत शाळा ते क्लास एवढाच रस्ता. झेरॉक्सच्या दुकानापुढं सायकली लावून मैत्रिणी उभ्या राहतात, तेवढीच गप्पांची चैन. घरी गेलं की कणीक मळायची, धाकट्याचा अभ्यास घ्यायचा. भावाला मात्र अंधार पडेपर्यंत मुभा. हे मला कधीच पटलेलं नाही.

माझ्या भाचीला तिची संध्याकाळ मिळाली ती मर्दानी खेळामुळं, म्हणजे आपल्या जुन्या शस्त्रकलेमुळं. कोल्हापुरात हे आखाडे अजून जोरात आहेत आणि मुलीही हौसेनं येतात. सुरुवातीला नुसते पवित्रे: पाय कुठं टाकायचा, भार कुठल्या गुडघ्यावर घ्यायचा. मग काठी. एका हातानं फिरवताना मनगट ढिलं पडलं की काठी थेट कानावर. मग फरी-गदका, म्हणजे ढाल आणि तलवारीच्या जागी काठी, आणि आता दांडपट्टा. पट्ट्याचं पातं लांब आणि लवलवतं. हात कोपरापर्यंत खोबळ्यात, म्हणजे पट्ट्याच्या पोकळ लोखंडी मुठीत अडकलेला, त्यामुळं मनगट वळवून भागत नाही. सगळा फेर खांद्यातनं आणि कमरेतनं काढावा लागतो. परवा ती फिरवत होती तेव्हा मी भिंतीला टेकून बघत होते. वस्तादांचं लक्ष पात्याकडं नव्हतंच. ते खाली बघून एवढंच ओरडत होते, "पाय! पाय बघ!"

दहावी लागली तसं घरात सुरू झालं, "एक वर्ष बंद ठेव." मी कडाडून विरोध केला. असा वाचवलेला तास बीजगणिताला जात नाही, मोबाईलला जातो. आमच्याच गल्लीत बघितलंय. आखाड्यातनं आलेली पोरगी आंघोळ करून, पोटभर जेवून अभ्यासाला बसते, आणि बसली की उठत नाही.

शेवटी तोडगा तिनंच काढला. "मावशी, दसऱ्यापर्यंत रोज जाते. मग पूर्वपरीक्षा होईपर्यंत फक्त रविवारी." ताई लगेच हो म्हणाली. दाजींची कुरकुर अजून थांबलेली नाही, पण रविवारी पट्ट्याला तेल लावायला तेच बसले होते.