खिंडीतली हरणं आणि आमची दिंडी

सासूबाईंच्या गुडघ्यांनी यंदा अगदीच साथ सोडली, म्हणून कार्तिकीला डोक्यावरची तुळस माझ्याकडं आली. त्यांनी १९ वर्षं नेली. निघताना एवढंच म्हणाल्या, मान ताठ ठेव, नजर दहा पावलं पुढं ठेव, वजन आपोआप विसरतं.

आमची दिंडी लहान, वाळवा तालुक्यातली, ४०-४५ माणसं. आळंदी-देहूच्या पालख्यांसारखं रिंगण बिंगण काही नाही, ताकारी, देवराष्ट्रे, विटा करत वर आटपाडी, दिघंचीवरनं पंढरपूरला जायचं. पहिला मुक्काम ताकारीत झाला, पहाटे काकडा आटोपून निघालो तेव्हा अंधारच होता आणि थंडी अशी की टाळ हातात घेतला की बोटं बधिर व्हायची. सागरेश्वरची खिंड चढून वर आलो तेव्हा कुठं उजाडायला लागलं. डाव्या हाताला अभयारण्याची जाळी, उजवीकडं हरभऱ्याचं रान, त्याच्यापलीकडं ऊस.

हे जंगल आपोआप वाढलेलं नाही बरं का. आमचे सासरे सांगायचे, पूर्वी हे डोंगर नुसते बोडके होते, माणसांनी झाडं लावली, जनावरं आणून सोडली आणि मग १९८५ ला अभयारण्य जाहीर झालं. जेमतेम ११ चौरस किलोमीटरचं आहे. चितळ, सांबर, काळवीट सगळं आहे पण जागा तेवढीच, आणि शेजारी हिरवं रान असल्यावर जनावर जाळीच्या आत कशाला थांबेल. रात्री जाळी जिथं फाटलीय तिथनं बाहेर पडायचं आणि उजाडायच्या आत माघारी जायचं, हे त्यांचं रोजचं.

तर पुढं झेंडेकरी होता तो एकदम थांबला, हात वर केला, मागं टाळ एकेक करत बंद पडले. मी वर बघितलं तर रस्त्याच्या कडेला, २५-३० पावलांवर असेल, ठिपक्यांची हरणं. मी सात मोजली. सगळ्यात पुढं एक मोठी मादी होती, तिच्या ओठाला हरभऱ्याचा डहाळा तसाच लोंबत होता, चावायचं थांबून ती आमच्याकडं बघत होती. तिनं पुढचा पाय उचलून एकदा जमिनीवर आपटला, शेपटी वर केली, मला वाटलं आता उधळतात सगळी.

आमचे वीणेकरी आबा, वय ७० च्या पुढं, त्यांनी वीणा बंद नाही केली. एकाच बोटानं तार छेडत राहिले, अगदी बारीक, शेजारच्याला जेमतेम ऐकू जाईल एवढं. त्या मादीचा एक कान वळला तिकडं. दुसरा आमच्याकडंच. आणि मग तिनं तो डहाळा चावायला सुरुवात केली हो, मला त्याक्षणी डोळ्यातनं पाणीच आलं आणि पुसायला हात मोकळे नव्हते, दोन्ही हात वृंदावनाला.

तेवढ्यात मागनं उसाचा ट्रॅक्टर आला, दोन ट्रॉल्या, टेपवर गाणी मोठ्यानं. मागच्या दोन पोरांनी पळत जाऊन पताका आडवी धरली. काय झालं म्हणून ड्रायव्हरनं वाकून बघितलं, टेप बंद केला आणि पाठोपाठ इंजिनच बंद केलं. कुणी काही सांगायला लागलं नाही त्याला.

मग ती उतरली रस्त्यावर. मागनं बाकीची. शेवटी एक पाडस, डांबरावर त्याचं खूर घसरलं, पुढचे पाय फाकले, तसंच उभं राहिलं बिचारं. आई जाळीपाशी पोचली होती ती माघारी वळली, रस्त्याच्या मधोमध येऊन त्याच्या पाठीला नाक लावून उभी राहिली. ४०-४५ माणसं आम्ही, खोकल्याचा सुद्धा आवाज नाही. पाडस सावरलं, दोघं ओढ्याच्या बाजूनं आत गेली, घाणेरीची फांदी हलत राहिली थोडा वेळ.

मग दिसलं की हरभऱ्याच्या बांधावर घोंगडं पांघरून एक माणूस उभा आहे, हातात गोफण, गोफणीत दगड तसाच. रान त्याचं. रात्रभर राखण करून डोळे लाल झालेले. आबा म्हणाले, "माऊली, लई नुकसान करत्यात का?"

"करत्यात की. निम्मा हरभरा त्यांचाच म्हणायचा. रोज दगड मारून हाकलतो. गेल्या महिन्यात हितंच कुत्र्यांनी एक धरलं, त्याचं वराडणं ऐकून दोन दिस भाकरी गोड लागली न्हाई बगा."

आबांनी वाकून त्याच्या पायाला हात लावला, त्यानं घाईनं गोफण खाली टाकून आबांच्या पायाला लावला. मग माझ्यापाशी आला, तुळशीपुढं डोकं टेकवायचं म्हणाला, मी गुडघे वाकवून खाली बसले.

उठले तेव्हा आबांनी अभंग परत धरला, सुरुवातीपासून नाही, जिथं सोडला होता त्याच चरणापासून. टाळ लागले. मागं ट्रॅक्टर सुरू झाला, पण देवराष्ट्रे येईपर्यंत त्यानं आम्हाला ओव्हरटेक केलं नाही.