बीजेचं पाणी

खडकवासल्याच्या पाण्यावर मी सहा वर्षं डिंगी, म्हणजे छोटी शिडाची होडी, चालवली. तिथे हिशोब ठेवायचा तो एकट्या वाऱ्याचा. धरणाचं पाणी जागचं हलत नाही. त्यामुळे मुंबई बंदरातल्या शर्यतीला निघताना मी आणि धाकट्या भावाने पुण्यापासून दादरपर्यंत वाऱ्याचाच अंदाज घोकला. फेब्रुवारी महिना, म्हणजे दुपारी वारा वायव्येचा. तो अंदाज बरोबर आला.

धक्क्यावर होडी उतरवून देणाऱ्या कोळी काकांनी पहिला प्रश्न विचारला, "ताई, आज तिथ कुठली?" पौर्णिमा होऊन दुसरा दिवस होता. "म्हणजे बीज. बे त्रिक सहा, त्याचा पाव भाग दीड. दीडला भरती पुरी होणार. तुम्ही अडीचला सुटणार, तेव्हा सुकती, म्हणजे ओहोटी, लागलेली असेल. आणि हे उधाणाचं पाणी, चांगलंच ओढणार." तिथीला तीनाने गुणायचं आणि चाराने भागायचं, की भरतीची वेळ मिळते. मुंबई-कोकणच्या किनाऱ्यावर हे गणित पिढ्यान् पिढ्या चालत आलंय. उधाणाला इथे भरती-ओहोटीच्या पातळीत चार मीटरच्या आसपास फरक पडतो. एवढं पाणी सहा तासांत बंदराबाहेर पडायचं, तर ते धावणारच.

होडी वाऱ्याच्या तोंडावर सरळ जात नाही, साधारण पंचेचाळीस अंशांचा कोन ठेवून नागमोडी चढते. होडीचा वेग चार नॉट, म्हणजे ताशी चार सागरी मैल, धरला तर प्रत्यक्ष वाऱ्याच्या दिशेने चढाई होते जेमतेम पावणेतीन नॉटची. त्यातून समोरचं दीड नॉट पाणी वजा केलं की हातात उरतं सव्वा. म्हणून प्रवाहाची सगळ्यात मोठी किंमत वाऱ्यावर चढतानाच मोजावी लागते.

आमच्या मार्गावर ओहोटी दक्षिणेला, थोडी नैर्ऋत्येकडे वाहत होती. वारा डाव्या अंगावर घेतला की नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, उत्तरेला आणि पाणी जवळजवळ समोरून. उजव्या अंगावर घेतला की नाळ गेटवेकडे आणि पाणी होडीला आडवं रेटणारं. भावाने कुठेतरी वाचलं होतं, की प्रवाह नाळेच्या वाऱ्याआडच्या अंगावर घेतला तर पाणीच होडीला वाऱ्याकडे ढकलतं. म्हणून उत्तरेला जाताना आम्ही नाळ वाऱ्यात आणखी खुपसली. शीड पुढच्या कडेला फडफडायला लागलं आणि वेग मेला. शेजारच्या होड्या वाऱ्यापासून दोन अंश दूर राहून, शिडं भरलेली ठेवून पुढे निघून गेल्या. माझं आता ठाम मत आहे: हा समज चुकीचा आहे. पाणी सगळीकडे सारखं वाहत असेल तर ते सगळ्याच होड्यांना सारखंच वाहून नेतं, नाळ कुठेही रोखा. फायदा होतो तो पाणी जागोजागी किंवा वेळेनुसार बदलतं म्हणून.

वाऱ्याच्या दिशेला लावलेला पहिला बोया, म्हणजे पाण्यावर तरंगणारी खूण, डावीकडे ठेवून वळायचं होतं. खडकवासल्याच्या सवयीने, बोयाच्या जरासं उत्तरेने जाऊ असं दिसताच मी टॅक मारला, म्हणजे नाळ वाऱ्यातून फिरवून वारा उजव्या अंगावर घेतला. जवळ गेल्यावर बोया नीट दिसला. उत्तरेच्या अंगाला पांढऱ्या फेसाची मिशी, मागे दक्षिणेकडे लांबलेली भोवऱ्यांची शेपटी. जणू तोच पोहत आमच्याकडे येतोय. शेवटच्या दोन होड्यांच्या अंतरात पाण्याने आम्हाला आडवं त्याच्यावर नेलं. ठप्प असा आवाज आला. बोयाला शिवलं की इतर होड्यांपासून बाजूला होऊन लगेच एक पूर्ण गिरकी घ्यायची, हा नियम. ती घेता घेता ओहोटीने आम्हाला आणखी खाली नेलं. मला रडू आलं होतं.

दुसऱ्या फेरीत बंदरातल्या अनुभवी होड्या सुटल्या सुटल्या शहराच्या बाजूला वळल्या. या वेळी मी त्यांच्यामागे गेले. तिथे नांगरलेल्या होड्यांच्या दोऱ्या सैल होत्या. मधल्या खोल पाण्यात त्याच दोऱ्या ताठ ताणलेल्या. उथळ पाण्यात तळाशी घासून प्रवाह मंदावतो, आणि ओहोटीची भरती होताना पाणी आधी फिरतं तेही काठाशीच. त्या मंद पाण्यातून उत्तरेला चढलो तेव्हा मधून येणाऱ्या तीन होड्या मागे पडल्या.

दुसऱ्या वळणाला भावाला एकच काम दिलं: बोया आणि त्याच्या मागे दिसणारा ताजचा घुमट, दोन्हींवर नजर ठेव. घुमट बोयाच्या डावीकडे सरकू लागला की समजायचं, आपण दक्षिणेला वाहतोय. "ताई, सरकतोय!" तो दोनदा ओरडला. दोन्ही वेळा मी परत उत्तरेचा टॅक घेतला आणि तो लांबवला, उगाच लांब वाटेल इतका. बोया दोन हात अंतरावरून, न शिवता, मागे गेला.

आम्ही सातवे आलो. रात्रीच्या बसमध्ये भावाला झोप लागत नव्हती. पुढच्या रविवारीही शर्यत होती. तो बोटांवर मोजत होता: "नवमी. नऊ त्रिक सत्तावीस, त्याचा पाव भाग पावणेसात. पहाटे भरती, एकच्या सुमाराला ओहोटी संपली. ताई, म्हणजे अडीचला पाणी उत्तरेला!"

"आणि भांगाचं, म्हणजे अष्टमी-नवमीच्या लहान भरती-ओहोटीचं," मी म्हटलं. "ओढ कमी असेल."